पाठ, नळी आणि सुई : घरच्या शुश्रूषेबद्दल वाचकांचे प्रश्न

अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं घरी करणाऱ्यांकडून आलेल्या पत्रांपैकी काही इथे घेतली आहेत. एकाच विषयावरची पत्रं एकत्र केली आहेत. कोणतं औषध आणि किती, हे तुमच्या डॉक्टरांनी ठरवलेलंच धरा. इथे बोलायचं आहे ते रोजच्या हातकामाबद्दल.

प्रश्न : सासूबाईंना पक्षाघात होऊन उजवी बाजू गेली आहे. माकडहाडावर रुपयाएवढा लाल डाग पडलाय. रोज स्पिरिटने चोळून पावडर लावतो, हवेची गादी आणली, खाली रबरी रिंगही ठेवली. तरी डाग जात नाही. शेजारच्या काकू म्हणतात, बल्बचा शेक द्या. देऊ का?
– एक सून, कराड

शेक देऊ नका. आणि स्पिरिट, पावडर, रिंग या तिन्ही गोष्टी आजपासून बंद करा.

एकेका गोष्टीचं कारण सांगतो. स्पिरिटने कातडी कोरडी पडून तडकते. पावडर घामात भिजली की तिचे खडे होतात आणि तेच कातडीला घासतात. चोळल्याने तर थेट नुकसान होतं, कारण लाल झालेल्या जागी आतल्या बारीक रक्तवाहिन्या आधीच दबून दुखावलेल्या असतात. रिंगेने मधल्या जागेवरचा भार जातो खरा, पण रिंगेची कड भोवतालचा रक्तपुरवठा दाबते, म्हणजे जखम होणाऱ्या जागेलाच रक्त कमी. बल्बच्या शेकाने जखम सुकते, भरत नाही. जखम भरायला ओलावा लागतो. शिवाय पक्षाघाताच्या बाजूला चटका बसला तरी सासूबाईंना कळणार नाही.

आधी डाग कोणत्या अवस्थेत आहे ते पाहा. बोटाने तीन-चार सेकंद दाबा आणि सोडा. जागा पांढरी होऊन पुन्हा लाल झाली तर रक्त फिरतंय, भार काढला की डाग जाईल. दाबूनही लालीच राहिली तर बेडसोरची, म्हणजे पडून राहिल्याने होणाऱ्या जखमेची, पहिली पायरी सुरू झाली आहे. सावळ्या अंगावर लाली नीट दिसत नाही; तिथे जागा भोवतालपेक्षा गरम, गार, घट्ट किंवा लिबलिबीत लागते का, ते हाताच्या पाठीने चाचपा.

उपाय एकच, भार काढणे. साध्या गादीवर दर दोन तासांनी कूस बदलायची. ज्या बाजूला वळवायचं त्या बाजूला आपण उभं राहायचं, म्हणजे रुग्ण पडण्याची भीती नाही. पलीकडचा गुडघा वाकवायचा, पलीकडचा हात छातीवर घ्यायचा, आपला एक हात पलीकडच्या खांद्यामागे आणि दुसरा पलीकडच्या खुब्यामागे ठेवून आपल्याकडे वळवायचं. लुळा हात धरून कधीही ओढू नका. तो खांदा सैल झालेला असतो, सांधा निसटतो. मग पाठीमागे उशी सारून पाठ तिच्यावर किंचित टेकू द्या. पूर्ण आडवी कूस नको, ३० अंशांचा कल पुरे. पूर्ण कुशीवर सगळा भार खुब्याच्या हाडावर येतो आणि तिथे नवी जखम उभी राहते. एक उशी दोन गुडघ्यांमध्ये, एक पोटऱ्यांखाली, अशी की टाचा अधांतरी राहतील. टाचेकडे सगळ्यांचं दुर्लक्ष होतं. लुळ्या बाजूवर मात्र कमी वेळ ठेवा.

खाटेचं डोकं जेवणाची वेळ सोडून ३० अंशांपेक्षा उंच ठेवू नका. उंच केलं की माणूस हळूहळू खाली घसरतो, कातडी चादरीला चिकटून जागीच राहते आणि आतलं हाड पुढे सरकतं. त्या ओढीने आतून फाटतं. वर सरकवायचं असेल तर काखेत हात घालून ओढायचं नाही. खांद्यापासून मांड्यांपर्यंत येईल अशी आडवी चादर खाली घालून ठेवा आणि दोघांनी दोन्हीकडून ती उचलून सरकवा.

हवेच्या गादीबद्दल. ती आणली की कूस बदलायची गरज संपली असं घरोघरी समजतात, आणि तिथेच घात होतो. पंप चालू असताना गादीखाली, बरोबर कमरेच्या जागी, हाताचा तळवा सरकवून पाहा. रुग्णाचं हाड आणि तुमचा हात यांच्यात निदान इंचभर हवा लागली पाहिजे. हाताला हाड टोचलं तर गादी असून नसल्यासारखी. पंपाची वजनाची खूण वाढवा. गादीवर एकच पातळ चादर. वर गोधडी, मेणकापड आणि त्यावर दुपटं घातलं की हवेचा उपयोग तिथेच संपतो. वीज गेल्यावर पंप थांबतो आणि बऱ्याच गाद्या बसतात, तेव्हा पुन्हा दोन तासांचा हिशेब. चांगली गादी असेल आणि सकाळी कातडी स्वच्छ दिसत असेल, तर रात्री चार तासांनी वळवून पाहायला हरकत नाही. घरात एकच माणूस करणारं असेल तर त्यालाही झोप लागतेच. डाग दिसला की पुन्हा दोन तास.

कातडी फाटली असेल तर मेडिकलमधल्या नॉर्मल सलाईनने धुवा. उघडलेली बाटली २४ तासांनी टाकून द्या. ती नसेल तर अर्धा लिटर पाणी दहा मिनिटं उकळून त्यात एक सपाट चहाचा चमचा मीठ घाला आणि गार करून वापरा. डेटॉल, सॅव्हलॉन, हायड्रोजन पेरॉक्साइड, हळद, राख यांपैकी काहीही जखमेत घालू नका. जंतू मरतात तशा नव्या पेशीही मरतात. टाचेवरची घट्ट काळी खपली ओढून काढू नका. पू, दुर्गंधी, ताप, भोवती पसरणारी सूज किंवा तळाशी हाड दिसणं, यांपैकी काही असेल तर त्याच दिवशी डॉक्टर.

आणि ताटाकडे पाहा. जखम भरायला प्रथिनं लागतात, वजनाच्या दर किलोला दिवसाला साधारण सव्वा ते दीड ग्रॅम. पन्नास किलोच्या बाईंना ६० ते ७५ ग्रॅम. एका अंड्यात सहा ग्रॅम, पेलाभर दुधात सहा-सात, वाटीभर घट्ट वरणातही जवळपास तितकीच. वरणाच्या निवळीवर ही बेरीज जमत नाही. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र आधी विचारा.

प्रश्न : वडिलांना नाकातून नळी घातली आहे. दूध आणि भाताची पेज देतो. मध्येच खोकला येतो, नळी चोंदते. शौचाला होत नाही म्हणून इसबगोल दिलं तर नळी पूर्ण बंद झाली. गोळ्या कुटून देतो. आमचं काय चुकतंय?
– एक मुलगा, अहिल्यानगर जिल्हा

इसबगोल पाण्यात फुगतं आणि बारीक नळीत त्याचा बूच होतो. नळीवाटे ते कधीच द्यायचं नाही. बद्धकोष्ठासाठी पातळ औषध लिहून घ्या.

आता क्रम. देण्याआधी वडिलांना निदान ४५ अंश उठवून बसवा आणि दिल्यानंतर तासभर तसंच ठेवा. झोपवून दिलं की अन्न वर येऊन फुप्फुसात जातं. प्रत्येक वेळी नाकपुडीशी नळीवरची खूण पाहा. नळी घातली त्या दिवशी कितव्या आकड्यावर होती ते लिहून ठेवलेलं असावं. आकडा सरकला असेल तर देऊ नका. बॅटरीच्या उजेडात घशात पाहा, नळी तोंडात गुंडाळून आली आहे का. सिरिंजने थोडं ओढून जठरातलं पाणी येतं का पाहा, पी.एच.च्या, म्हणजे आम्लता मोजायच्या, कागदावर ५.५ किंवा कमी आलं तर नळी जागेवर आहे. आम्लपित्ताच्या गोळ्या चालू असतील तर हा आकडा वाढतो, हेही लक्षात ठेवा. हवा मारून पोटात आवाज ऐकणं किंवा नळीचं टोक पाण्यात बुडवून बुडबुडे पाहणं, या दोन्ही जुन्या रीतींवर भरवसा ठेवू नका. फुप्फुसात गेलेल्या नळीतूनही असा आवाज ऐकू येऊ शकतो.

आधी ३० मिली कोमट पाणी. मग ५० मिलीच्या सिरिंजचा दट्ट्या काढून ती नळीला लावा, डोक्याच्या वीतभर वर धरा आणि आपल्या वजनाने उतरू द्या. दट्ट्याने ढकलायचं नाही. सिरिंज रिकामी होण्याआधी नळी चिमटीत धरून पुन्हा भरा, म्हणजे पोटात हवा जाणार नाही. एका वेळी २०० मिली, पंधरा-वीस मिनिटांत. शेवटी पुन्हा ३० मिली पाणी, मग बूच. मध्येच खोकला, गुदमर, ओठ निळे दिसले तर तिथेच थांबा, नळी बंद करा, सरळ बसवा. श्वास सुधारला नाही तर १०८ ला फोन करा.

पेजेबद्दल थोडं स्पष्टच बोलू. पातळ पेजेने पोट भरतं, अंग भरत नाही. नळीवरचा माणूस महिनाभरात वाळतो तो बहुधा आजाराने कमी आणि पेजेने जास्त. दर मिलीला साधारण एक कॅलरी, असा अंदाज धरा. २०० मिली दूध, त्यात मोड आलेल्या नाचणीचं पीठ दोन चहाचे चमचे शिजवून, दोन चमचे साखर, एक चमचा तेल : यातून अडीचशेच्या आसपास कॅलरी मिळतात. नाचणी मोडाचीच का? मोड येताना धान्यात असं विकर (एन्झाइम) तयार होतं जे पिष्ट (स्टार्च) तोडतं. त्यामुळे तेवढंच पीठ घालूनही लापशी पातळ राहते आणि नळीतून उतरते. बिनमोडाच्या पिठाची खळ होते. मधुमेह असेल तर साखर वगळा. दोनदा फडक्यातून गाळा. उन्हाळ्यात बाहेर दोन तासांपेक्षा जास्त वेळ ठेवलेलं देऊ नका. दिवसातून एक-दोन वेळा वरण, उकडलेलं अंडं, भाजी एकत्र वाटून गाळून द्या. नुसत्या दुधावर बद्धकोष्ठ होणारच.

गोळ्या कुटण्याआधी पाकीट पाहा. नावापुढे एस.आर., एक्स.आर., ई.आर., सी.आर. असेल तर ती गोळी दिवसभर थोडी थोडी सुटायला केलेली असते. कुटली की सगळा डोस एकदम अंगात जातो. रक्तदाबाच्या अशा गोळीने माणूस कोसळू शकतो. डॉक्टरांना सांगून पातळ औषध किंवा साधी गोळी मागून घ्या. फिटच्या फेनिटॉइनचं अन्नासोबत शोषण घटतं. ते किती अंतराने द्यायचं हे विचारून घ्या. प्रत्येक औषध वेगळं द्यायचं, मध्ये दहा-पंधरा मिली पाणी. सगळ्या गोळ्या एकत्र कुटून दुधात कालवायच्या नाहीत.

नळी चोंदली तर ५० मिलीची सिरिंज लावून २० मिली कोमट पाणी हळूच आत-बाहेर करा, दहा मिनिटं थांबा, पुन्हा करा. लहान सिरिंजने दाब फार वाढतो आणि नळी फुटते. तार घालू नका. कोल्ड्रिंक घालायचा सल्लाही बरेच जण देतात. त्याने दुधातली प्रथिनं आणखी गोठतात. नळी निघून आली तर घरी घालू नका. चार ते सहा आठवड्यांपेक्षा जास्त दिवस लागणार असेल तर पोटातून घालायच्या नळीबद्दल विचारा.

तोंडाने काही जात नसलं तरी दिवसातून दोन-तीनदा तोंड स्वच्छ करा. घाण लाळच फुप्फुसात उतरते आणि न्यूमोनिया होतो.

प्रश्न : आईला २० युनिट इन्सुलिन असतं. दुकानात बाटली नव्हती म्हणून पेनची कार्ट्रिज दिली. पेन नव्हतं, म्हणून नेहमीच्या सिरिंजने त्यातून २० च्या रेघेपर्यंत काढून टोचलं. तासाभरात आईला दरदरून घाम आला, ती बरळायला लागली. औषध खराब होतं का?
– एक मुलगी, नागपूर

औषध चांगलं होतं. डोस अडीचपट गेला.

आपल्याकडच्या बहुतेक इन्सुलिनच्या बाटल्यांमध्ये १ मिलीत ४० युनिट असतात. त्यांच्यासाठी लाल टोपणाची सिरिंज. पेनच्या कार्ट्रिजमध्ये १ मिलीत १०० युनिट. लाल टोपणाच्या सिरिंजवर २० ची रेघ म्हणजे अर्धा मिली. कार्ट्रिजमधून अर्धा मिली काढलं की ५० युनिट झाले. उलटही घडतं : ४० ची बाटली आणि नारिंगी टोपणाची, १०० ची सिरिंज घेतली तर २० च्या रेघेवर आठच युनिट जातात आणि साखर उतरतच नाही. मग डोस वाढतो, पुढच्या महिन्यात योग्य सिरिंज मिळते आणि रुग्ण बेशुद्ध पडतो. म्हणून बाटलीवरचा ४० किंवा १०० हा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा दोन्ही दर वेळी शेजारी धरून वाचायचे. कार्ट्रिजमधून सिरिंजने काढायचंच नाही.

घाम, थरथर, बरळणं दिसलं की तपासा. साखर ७० च्या खाली, किंवा यंत्रच हाताशी नाही, तर शुद्धीवर असलेल्या रुग्णाला तीन चहाचे चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून द्या. पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहा, गरज पडली तर पुन्हा द्या, मग पोळीभात खाऊ घाला. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही ओतू नका, कुशीवर वळवा आणि १०८. तुमच्या आईसारखा जादा डोस गेला असेल तर साखर एकदा वर आली म्हणून निर्धास्त होऊ नका. इन्सुलिन तासन्‌तास काम करत राहतं, ती पुन्हा उतरते. रुग्णालयात नेणंच बरं.

एक सवय लावून घ्या : जेवणाचं इन्सुलिन ताट समोर आल्यावर टोचायचं. आजारी माणसाने 'आज नको' म्हटलं तर डॉक्टरांना विचारा, रोजचं म्हणून टोचून टाकू नका. साखर तपासण्याआधी हात धुवून पुसायचे. बोटाला आंब्याचा रस असेल तर यंत्र भलताच आकडा दाखवतं.

न उघडलेलं इन्सुलिन फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांवर ठेवा, बर्फाच्या कप्प्याला चिकटून नको. गोठलेलं फेकून द्या. उघडलेली बाटली साधारण २८ दिवस, तारीख टोपणावर लिहून. फ्रिज नसेल तर विदर्भातल्या उन्हाळ्यात बाटली प्लास्टिकच्या घट्ट डबीत घालून ओल्या वाळूवर ठेवलेल्या मातीच्या मडक्यात ठेवा. वापरलेल्या सुया फिनेलच्या जाड बाटलीत टाका. पाऊण भरली की झाकण चिकटवून वर 'सुया' असं लिहा आणि घंटागाडीवाल्याच्या हातात वेगळी द्या. ओल्या किंवा सुक्या कचऱ्यात सुई गेली की ती सफाई कामगाराच्या हातात घुसते.

प्रश्न : सासऱ्यांना कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, आहे. बाजूने लघवी गळते, पिशवीत गाळ दिसतो. मेडिकलवाला अँटिबायोटिक देतो. द्यायचं का?
– एक जावई, डोंबिवली

नुसत्या गढूळ लघवीसाठी नको. कॅथेटर काही आठवडे राहिला की लघवीत जंतू सापडतातच. ताप, थंडी वाजणं, ओटीपोटात दुखणं किंवा अचानक गोंधळल्यासारखं वागणं असेल तर डॉक्टर तपासून ठरवतील.

बाजूने गळतंय म्हणजे आधी अडथळा शोधा. नळी मांडीखाली दबली आहे का, मुडपली आहे का, पिशवी मूत्राशयाच्या वर टांगली आहे का. बद्धकोष्ठानेही नळी दबते, हे कोणाच्या ध्यानात येत नाही. चार तासांत थेंब नाही आणि ओटीपोट ताठ, तर ताबडतोब सिस्टरला बोलवा. पिशवी नेहमी खाली पण जमिनीला न टेकता. अर्धी-पाऊण भरली की रिकामी करायची. नळी मांडीला पट्टीने चिकटवून ठेवा. आत फुगा फुगवलेला असतो. ओढली तर मार्ग फाटतो. रोज साबणपाण्याने धुताना पुढची कातडी मागे घेतली असेल तर ती पुन्हा पुढे आणायला विसरू नका, नाहीतर सूज येऊन अडकते. पिशवी जांभळी दिसू लागली तर घाबरू नका, जंतू आणि बद्धकोष्ठ यांची ती खूण आहे, डॉक्टरांना कळवा. हृदय-मूत्रपिंडाचं पथ्य नसेल तर दिवसाला दीड-दोन लिटर पाणी.

प्रश्न : आजोबांना घरी ऑक्सिजनचं यंत्र लावलंय. त्यांच्या खोलीतच देव्हारा आहे. दिवा लावला तर चालेल?
– एक नात, रत्नागिरी

नाही. देव हलवा किंवा आजोबांना. ऑक्सिजन स्वतः पेटत नाही, पण गादी, दाढी, कपडे यांत तो मुरतो आणि ठिणगीने भडका उडतो. उदबत्ती, विडी, गॅसची शेगडीही दूर. नाकाशी व्हॅसलिनसारखं तेलकट मलम लावू नका. आजोबांना जुना दमा किंवा सीओपीडी (श्वास अडवणारा फुप्फुसांचा जुनाट आजार) असेल तर डॉक्टरांनी सांगितलेल्या आकड्यापलीकडे यंत्राची कळ फिरवू नका; अशांना रक्तातल्या ऑक्सिजनचं बहुधा ८८ ते ९२ टक्के हेच लक्ष्य दिलेलं असतं, ९८ करायच्या नादात श्वास मंदावतो. कोकणात वीज जाणारच, म्हणून एक बी टाइप सिलिंडर भरून ठेवा. त्यात साधारण १५०० लिटर असतात, मिनिटाला २ लिटरने बारा तास पुरतात.

प्रश्न : घरी नर्स पुरवणाऱ्या ब्युरोकडून 'सिस्टर' मागवली. ती इंजेक्शनही देते म्हणाली. तिचं शिक्षण कसं ओळखायचं? आणि गावाकडे, जिथे ब्युरो नाही, तिथे काय करायचं?
– पुणे आणि पारनेर तालुक्यातून आलेली दोन पत्रं

पांढऱ्या कोटावर जाऊ नका, महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी दाखवायला सांगा. ए.एन.एम. दोन वर्षांचा, जी.एन.एम. तीन वर्षांचा, बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचा अभ्यासक्रम. नोंदणी चालू आहे का, ती तारीखही पाहा. अंघोळ, डायपर, कूस बदलणं, चमच्याने भरवणं, हे शिकवलेली मावशी उत्तम करते आणि त्यासाठी सिस्टरचे पैसे मोजायचं कारण नाही. शिरेतलं इंजेक्शन, कॅथेटर, नाकातली नळी घालणं, खोल जखमेचं ड्रेसिंग, गळ्यातल्या नळीचं सक्शन (कफ ओढून काढणं) मात्र नोंदणीकृत सिस्टरनेच करावं. २४ तासांची एकच मावशी ठेवून तिने रात्री दर दोन तासांनी उठावं, ही अपेक्षा अव्यवहार्य आहे. दिवसपाळी आणि रात्रपाळी वेगळी ठेवा, नाहीतर रात्रीचं तुम्ही वाटून घ्या. खोलीत एक वही ठेवा : वेळ, कूस, काय दिलं, लघवी किती, शौच, साखर, कोणी दिलं. पाळी बदलताना ती दोघींनी मिळून वाचायची.

गावात आयुष्मान आरोग्य मंदिर, म्हणजे पूर्वीचं उपकेंद्र, गाठा. तिथल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांच्या कामात वृद्धांची आणि वेदनाशामक देखभाल येते, हे बऱ्याच घरांना माहीत नसतं. आशाताईंना सांगून नाव नोंदवा आणि गृहभेट मागा. त्यांच्यासाठी डिस्चार्ज कार्ड, चालू औषधांची यादी आणि कॅथेटर किंवा नळी बदलल्याची तारीख एका पिशवीत घालून खाटेच्या उशाशी टांगून ठेवा.